मी आलोच

३ ऑगस्ट, रविवार
ह्यांचा लॅपटॉप आता टेबलावर सपाट बसत नाही. मधोमध फुगलाय, बोट ठेवलं की डुगडुगतो. पंख्याची घरघर जिन्यापर्यंत ऐकू येते. शनिवारचा मराठी वर्ग सप्टेंबरात सुरू होईल, ऐन वर्गात हा बंद पडला तर मुलांना काय सांगू. नवा घ्यायलाच हवा. पेन्शनमध्ये बसेल आणि टिकेल असा. चोचले नकोत.
पालकांसाठी पत्रक टाइप करत होते. ‘मी’ लिहिलं की खाली लगेच सुचवतो, ‘आलोच’. मला लिहायचं होतं, मी आपणांस कळवू इच्छिते. दुर्लक्ष केलं.

५ ऑगस्ट, मंगळ.
केतकीचा बर्मिंगहॅमहून फोन.
“आई, रिफर्बिश्ड घे. ऑफिसवाली जुनी लॅपटॉप असते ना, ती स्ट्राँग असते. सोळा जीबी रॅम बघ. बाकी सगळा नाटक आहे.”
तो लॅपटॉप, ते नाटक, असं सांगितलं.
“यू न्यू व्हॉट आय मेंट. मी येतो महिन्याच्या शेवटी, बाबाची जुनी कचऱ्याच्या टिपवर टाकून देतो.”
“येते. देते.”
“हो, तेच.”
चाळिशी आली तरी तेच. तिच्या लहानपणी मी हॉस्पिटलच्या शिफ्टवर, ही दिवसभर बाबांच्या मागे. त्यांचीच क्रियापदं उचलली.

७ ऑगस्ट, गुरु.
बसने दुरुस्तीवाल्याकडे. सरदारजी, लीड्समध्येच जन्मलेला, हिंदी यॉर्कशायरच्या हेलात. लॅपटॉप नुसता कुशीवर फिरवला आणि म्हणाला, “आंटीजी, बॅटरी सूज गई है. चार्ज मत करना. चालू भी मत करना.” या मॉडेलची बॅटरी आता मिळत नाही. फाइली काढून देईन म्हणाला.
टायपिंगचं विचारलं. म्हणजे, शब्द सुचवतो ते नव्यावर येईल का.
“वो नया वाला आपसे सीख लेगा.”
माझ्याकडून शिकेल, हे मलाही कळतं. पुढे विचारलं नाही.

१० ऑगस्ट, रवि.
हे वरच्या खोलीत बसत, मी खाली स्वयंपाकघरात. जिन्यावरून हाका मारलेल्या मला खपत नसत, म्हणून फोनवरून मेसेज करायचे, ‘जेवायला या’. वरून लॅपटॉपवर उत्तर, ‘मी आलोच’. मग निवांत अर्ध्या तासाने उतरायचे. वरण दोनदा गरम. पुढे पुढे मी पानं घ्यायचे ती उशिरानेच.
त्या दिवशीही आलं, ‘मी आलोच’. ताट झाकून ठेवलं. वर गेले तेव्हा
असो.

१४ ऑगस्ट, गुरु.
दुकानात तीन पाहिले. पहिला दिसायला पातळ, देखणा. कीबोर्डची की दाबल्याचं बोटाला कळत नाही. बाद. दुसऱ्याची बिजागरी सैल, पडदा मान टाकतो. तिसरा काळा, जाड, कुठल्याशा ऑफिसातून आलेला. की खोल, पडदा चकाकत नाही, बॅटरी बदलता येते, वर्षाची वॉरंटी लेखी. विकणारी पोर म्हणाली, “इट्स नॉट व्हेरी प्रिटी.” म्हटलं, नीदर अॅम आय. हसली. घेतला.

२२ ऑगस्ट, शुक्र.
फाइली नव्यावर आल्या. फोटो, वर्गाचे धडे, विम्याचे कागद. सगळं आहे. ‘मी’ टाइप केलं. काही सुचवलं नाही. पट्टी रिकामी.
दुपारी जुना लावला. दुरुस्तीवाला लावू नको म्हणाला होता. लावला.
‘मी’ लिहिलं. ‘आलोच’ आलं. नेहमी टाळते, आज घेतलं. पुढे सुचवलं, ‘अगं’. घेतलं. ‘थांब’. ‘जरा’. ‘एवढं’. मी एकही अक्षर लिहीत नव्हते. मी आलोच अगं थांब जरा एवढं
घर चिडीचूप. वरच्या खोलीचं दार उघडंच होतं, ते जाऊन पाहिलं. कशासाठी पाहिलं ते विचारू नये.
परत आले तो गोडसर जळका वास. वायर ओढून काढली, लॅपटॉप मागच्या दाराबाहेर फरशीवर नेऊन ठेवला. हात बराच वेळ गरम. पुढचा शब्द पाहायचा राहिला.

२६ ऑगस्ट, मंगळ.
फरशीवरच आहे. वर पत्रा आहे, पाऊस लागत नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “चकिंग इट आउट, लव्ह?” म्हटलं, संडेला टाकणार.
आवाज यायचं कारण नाही. वायर माझ्या हातात आहे. तरी जिन्यापाशी घरघर.

३१ ऑगस्ट, रविवार
सकाळी नव्यावर पत्रक पुरं केलं. आठवडाभरात शिकलाय. ‘मी’ म्हटलं की ‘कळवू’, ‘इच्छिते’. स्त्रीलिंग, बिनचूक. काम चांगलं करतो, तक्रार नाही.
केतकी लीड्स स्टेशनवरून भाड्याची गाडी घेऊन येणार, गाडी टिपवर न्यायलाच. मी तिला मेसेज केला, जेवायला घरीच ये, थांबते. आत्ता तिचं उत्तर आलं, रोमन लिपीत, नेहमीसारखं:
‘aai mi aaloch’
‘आलेच म्हण’ असं लिहायला घेतलं. पुसलं. ‘ये’ एवढंच पाठवलं.
मागचं दार उघडून पाहिलं. आहे. फुगवटा वाढलाय. उचलून द्यायचा की ‘राहू दे’ म्हणायचं, ते ती दारात आल्यावर.
दोन ताटं घेतली आहेत. झाकून ठेवणार नाही.