चौकडीच्या कोटात रेघांचं जाकीट

अण्णा, गेल्या मंगळवारी विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी मुलाला घेऊन माझ्या दुकानात आले होते. मुलाचं लग्न द्राक्षमळ्यातल्या कुठल्याशा लॉनवर आहे. त्याने मोबाइलमधला फोटो दाखवून सांगितलं, असाच सूट पाहिजे. मोठ्या चौकडीचा कोट, आत बारीक रेघांचं जाकीट, ठिपक्यांचा टाय. मी कापडं काढत होते, तेवढ्यात व्यापाऱ्यांचं लक्ष भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे गेलं. तो फोटो आईच्या हट्टाने तिथे आहे. "हे तुमचे वडील? नाशिक रोडचे मास्टर?" मी हो म्हटलं. "अवं ताई, माझ्या लग्नाचा कोट ह्यांनीच शिवला व्हता. असाच, चेक्सचा, अन् आत पट्ट्याचं जाकीट. लय भारी. आख्खं गाव बघत राहिलं. असं कापड जुळवणारा माणूस पुन्हा व्हणार नाय." मग मुलाकडे वळून म्हणाले, "पाया पड त्यांच्या."

आणि तो उंचापुरा मुलगा तुमच्या फोटोच्या पाया पडला. मी गळ्यात टेप घालून शेजारी उभी. तो कोट मी कापला होता, अण्णा. जाकीट मी कापलं, दोन्ही कापडं मी निवडली, बाहीवरची रेघ छातीवरच्या रेघेला मी भिडवली. तुम्ही फक्त बटणांचा रंग सांगितलात, तोही चुकीचा, आणि मी तो गुपचूप बदलला. हे त्या माणसाला सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी सांगितलं नाही. मुलाला म्हटलं, "सरळ उभे राहा, श्वास रोखू नका," आणि माप घेतलं. ते दोघं गेल्यापासून मात्र मला दुसरं काही सुचत नाहीये. म्हणून तुम्हाला लिहितेय.

तुमचं दुकान मला अजून इंचाइंचाने आठवतं. पुढे काउंटर आणि आरसा, मागे पडदा, पडद्यामागे कटिंगचं टेबल, आणि टेबलाच्या पलीकडे खिडकीपाशी माझं स्टूल. बारावी झाल्यापासून मी त्या स्टुलावर. काज करायचे, बटणं लावायची, अस्तराची तुरपाई करायची. तुमची गिऱ्हाइकं म्हणजे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले साहेब, नोटांच्या प्रेसमधले कारकून, रेल्वेतले बाबू. माणूस आयुष्यात तीन सूट शिवतो असं तुम्ही म्हणायचात, लग्नाला, बढतीला आणि निवृत्तीला, आणि तुमच्याकडे रंगही तीनच होते: निळा, राखाडी, चॉकलेटी. कोणी जरा वेगळं मागितलं की तुमचा चेहरा असा व्हायचा की जणू त्याने देवळात चपला घातल्यात. खंडेनवमीला कात्री पाटावर ठेवून तिला हळदकुंकू लावायचं काम माझं. इतर दिवशी तीच कात्री मी उचलली तर, "ठेव खाली. बाईच्या हाताने कापड सरकतं." कुठून शोधून काढलं होतंत हे?

तुमचा हात चांगला होता हे मी नाकारत नाही. कधीमधी साध्या चौकडीचा कोट यायचा तेव्हा खिशाची पट्टी कुठे सुरू होते ते डोळ्याला दिसायचं नाही, बोटाने चाचपावं लागायचं. मी ते सगळं तुमच्याकडे बघून शिकले. तुम्ही शिकवलं नाहीत. मी बघतेय हे लक्षात आलं की तुम्ही पाठ करून उभे राहायचात.

आणि तो दिवस. मी एकवीस वर्षांची आहे, टेबलावर राखाडी चौकडीचं कापड पसरलंय, मी उरलेल्या चिंध्यांतला एक रेघांचा तुकडा त्यावर ठेवते. दोन्ही कापडं एकमेकांना अशी ओळखतात की मला राहवत नाही. पडदा सारून मी तुम्हाला हाक मारते, "अण्णा, हे बघा ना." काउंटरवर दोन साहेब उभे. तुम्ही आत वाकून बघता आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता, "हे बोहारणीचं गाठोडं उचल आधी. सर्कस काढायचीय का आपल्याला?" ते दोघं हसले. त्यांचे चेहरे मी विसरले, हसणं विसरले नाही.

दोन वर्षांनी तुम्हाला कावीळ झाली. दीड महिना तुम्ही घरी अंथरुणावर, आणि दुकानात एका तरुण इंजिनिअरचं कापड पडून. एकलहऱ्याचा होता. महिन्याभराने त्याच्या लग्नाचं रिसेप्शन. राखाडी चौकडी, तिच्यात मरून रंगाची एक पुसट रेघ. त्याला थ्री-पीस हवा होता, कापड जाकिटाला कमी पडत होतं, आणि जाकीट होणार नाही, कोट-पँटवर भागवा, असं तुम्ही त्याला आधीच सांगून टाकलं होतंत. तो चौकशीला आला तेव्हा काउंटरवर मी होते.

मी म्हटलं, "जाकीट दुसऱ्या कापडाचं करू का? बारीक रेघांचं?"

"चेक्सवर रेघा? चांगलं दिसेल?"

"नाही दिसलं तर घालू नका."

तो हसला. मग म्हणाला, "करा."

दुपारी दीड ते चार दुकान बंद असायचं. त्या वेळात शटर अर्धं ओढून मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या कापडावर कात्री चालवली. मापं तुमच्या वहीत होती. चार रेघा लावून बघितल्या, चारही मेल्यासारख्या दिसल्या, पाचवी बोलली. ट्रायलला आई येऊन बसली, कारण परक्या पुरुषाच्या खांद्याला मी टाचण्या लावणार आणि रस्त्यावरून ते दिसणार. ती बिचारी सगळा वेळ हातातल्या पिशवीकडे बघत होती. सूट पुरा झाला त्या दिवशी इंजिनिअर आरशासमोर उभा राहिला, एका बाजूला वळला, खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "हा मी आहे होय?" आई तेव्हा पहिल्यांदा मान वर करून हसली.

तुम्ही बरे होऊन दुकानात आलात त्याच आठवड्यात एकलहऱ्याहून तिघे आले. "मास्टर, आमच्या साहेबांना केलात तसा करायचाय." मी पडद्यामागे होते. तुम्ही काय म्हणता ते ऐकायला मी सुई थांबवली. तुम्ही थोडं थांबलात, तेवढं मला आठवतंय. मग म्हणालात, "हो, तो आपलाच. अंथरुणावर पडून सांगत होतो, पोरगी खडू मारत होती."

त्या दुपारी स्वयंपाकघरात तुम्ही जेवायला बसला होतात. आई भाकरी थापत होती. मी विचारलं, "अण्णा, खोटं का सांगितलंत?"

तुम्ही घास थांबवलाही नाहीत. "खोटं काय त्यात? कात्री माझी, टेबल माझं, तू माझी."

"पण कापलं मी."

"बोर्डावर बाई आहे म्हटल्यावर कुठला साहेब मांडीचं माप द्यायला उभा राहील? शहाणपणा करू नकोस. वाढ."

आणि मी वाढलं. आईने भाकरी तव्यावर टाकली ती करपली तरी उलटली नाही. तुम्ही ती तशीच खाल्लीत.

पुढे अकरा वर्षं आपण ते नाटक केलं. गिऱ्हाईक कापड घेऊन यायचं, तुम्ही मोठ्याने म्हणायचात, "थांबा, आत जाऊन जरा विचार करतो." पडद्याआड येऊन ते कापड माझ्यासमोर टाकायचात. मी त्याच्या जोडीचं काढून द्यायची, ते घेऊन तुम्ही बाहेर जायचात आणि म्हणायचात, "हे असं." बाहेर वाहवा. खडू माझा, कात्री माझ्या हातात, आणि मी पडद्याच्या आत. हेच का निवडलं, दुसरं का नाही, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मला ते येतं असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

एकदा शहरातल्या एका मोठ्या शोरूमचा मालक आला. हातात आपल्याच दुकानातला एक कोट. त्याला कटर हवा होता. म्हणाला, "एकलहऱ्याच्या एका साहेबांनी सांगितलं, तुमच्याकडे कोणी बाई कापते. भेटता येईल?" तो इंजिनिअर विसरला नव्हता बघा. तुम्ही हसलात. "बाई? माझी मुलगी आहे ती. काज-बटण करते. कापायला नजर लागते हो, तिचे डोळेच अधू." मी त्या क्षणी सगळ्यात बारीक नंबरच्या सुईत दोरा ओवत होते आणि तो पहिल्याच खेपेला गेला. पडद्यापर्यंत तीन पावलं होती. पडदा बाजूला करून बाहेर यायला मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. मी आले नाही. तुमच्यावर चिडते तेव्हा मला हेही आठवतं, आणि मग आणखीनच चिडते, कारण ती तीन पावलंही तुम्हीच माझ्यातून काढून घेतली होतीत.

मी चौतिसाची असताना तुम्ही दवाखान्यात. दुपारची वेळ. आई घरी डबा करायला गेलेली. समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने रेघांचा पायजमा घातला होता आणि त्याच्या अंगावर चौकडीचं ब्लँकेट. तुम्ही किती तरी वेळ तिकडे बघत होतात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "वाईट दिसतंय नाही ते?"

"हो."

"ते वाईट का आणि आपलं चांगलं का? कोणत्या चौकडीला कोणती रेघ चालते, हे तुला कसं कळायचं गं? एवढी वर्षं बघतोय. मला नाही कळलं."

आवाज अगदी साधा होता. कुठलाही तोरा नाही. मी तुमचं पांघरूण नीट केलं आणि म्हटलं, "मला काय ठाऊक, अण्णा? मी तर काज-बटण करते."

तुम्ही "हं" म्हणालात. थोड्या वेळाने पाणी मागितलंत, मी पाजलं. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. पुन्हा विचारलं नाहीत. दहाव्याला घाटावर लोक आपसात बोलत होते की नाशिक रोडला असा मास्टर पुन्हा होणे नाही, आणि मी कावळ्याची वाट बघत उभी होते. दवाखान्यातला तो प्रसंग मी आईला सांगितला होता, आणि तिला वाटायचं की तो मला छळतो. एकदा तिने खोदून विचारलं तेव्हा मी म्हटलं, हो, पस्तावा होतो. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. पस्तावा झाला नव्हता. अजूनही नाही.

आता माझं दुकान कॉलेज रोडला आहे. पडदा नाही. कटिंगचं टेबल रस्त्यावरून दिसतं. साहेब लोक मांडीचं माप द्यायला मुकाट उभे राहतात, कोणी पळून गेलेलं नाही. माझ्याकडे दोघी कापतात, आणि जिने जो कोट कापला तिचं नाव त्याच्या आतल्या खिशावर शिवलेलं असतं. तुम्ही दवाखान्यात विचारलं होतंत त्याचं उत्तर मी कोणालाही सांगते. शिकायला येणाऱ्या बायकांना, कॉलेजातल्या मुलांना. मंगळवारी त्या विंचूरच्या मुलालाही सांगितलं. पाच मिनिटं लागतात आणि मग माणूस स्वतःच कापडं उचलून लावून बघायला लागतो. अवघड असं काही नाहीच त्यात.

इथे मी ते तुमच्यासाठीही लिहायला घेतलं होतं. दोन ओळी झाल्या आणि खोडल्या. हा कागद कुठे जाणार नाही, तुम्ही तो वाचणार नाही, हे मला कळतं. तरी खोडल्या, आणि खाली अक्षर दिसू नये म्हणून वरून पेन पुन्हा फिरवला.

एवढं मात्र आईलाही कधी सांगितलं नाही. त्या दुपारी तुम्हाला पाणी पाजून झाल्यावर मी ग्लास विसळायला बाहेर नळावर गेले. नळ सोडला आणि तुमचा प्रश्न तुमच्याच आवाजात हळूच म्हणून पाहिला. "तुला कसं कळायचं गं?" मग आणखी एकदा म्हणून पाहिला. अकरा वर्षांत मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.