तिसऱ्या रकान्यातले नाव

माननीय साल्सेदो साहेब,
सादर वंदन.

कोलंबियातून व्हेनेझुएलाकडे गॅस नेणारी तुमची वायुवाहिनी नेमकी आम्हा वायू जमातीच्याच दफनभूमीतून जावी, हा श्लेष विधात्याचा की तुमच्या कचेरीचा, ठाऊक नाही. शुक्रवारपर्यंत फॉर्म भरला नसता, तर आईची कबर 'अस्तित्वात नाही' असे धरून खोदाईचे यंत्र तिच्यावरून जाणार होते. फॉर्मचा तिसरा रकाना होता मृताचे नाव.

आमच्यात गेलेल्या माणसाचे नाव घेत नाहीत. तुमचा कारकून म्हणाला, "घेऊ नका हो मास्तर, नुसतं लिहा."

हे ऐकून मामांनी काठी आपटली. "लिहिलं की कुणीतरी वाचणारच. हाक ऐकून ती उठली, तर परत झोपवायला तुझा कारकून येणार आहे का रे?"

चार दिवस मी त्या रकान्यासमोर बसून काढले आणि शेवटी तिथे माझेच नाव लिहिले. शिक्का मिळाला. यंत्र दहा हात बाजूने गेले.

आता मामा म्हणतात, "कागदावर गेला तो गेला." घरात मला कुणी नावाने हाक मारत नाही. साहेब, ते नाव खोडा हो! पण खोडायचे तर तुम्ही तिचे मागाल. म्हणून हे पत्र धाडणार नाही.

काल दवाखान्यात लेकीला वडिलांचे नाव विचारले. माझा हात घट्ट धरून ती गप्प उभी राहिली. मीही सांगितले नाही.

सहीविना, क्षमस्व,
आपला
तिचा मुलगा