गाडीच्या माणसांचं पाणी

आई,

परवा आपल्या स्टेशनावरून गेले. उतरले नाही, गाडी आता तिथं थांबतच नाही. मोठे रूळ आले आणि छोट्या गाडीचं ते स्टेशन एका अंगाला पडलं. छपराचे पत्रेही कुणीतरी काढून नेलेत. बाबा रुळावर कामाला होते. ते गेल्यावर रेल्वेनं तुला तिथं प्रवाशांना पाणी पाजायची नोकरी दिली. दोन रांजण आणि एक ओगराळं, त्यावर आपलं घर चाललं.

बहात्तरच्या दुष्काळात ते पाणीसुद्धा मिरजेहून गाडीनंच यायचं. गावच्या विहिरींनी केव्हाच तळ गाठला होता. बाया घागरी घेऊन फाटकाबाहेर उभ्या राहायच्या आणि तू मान खाली घालून उतारूंना पाणी वाढायचीस. एकदा एका म्हातारीला तांब्याभर दिलंस, तर पुन्हा दिसलं तर घरी बसवीन, असा स्टेशनमास्तरांनी दम भरला.

दुसऱ्याच दिवशी मावशी आली, खडी फोडायच्या कामावरून थेट. कडेवरचं तान्हं रडतसुद्धा नव्हतं. मास्तर दारात उभे आहेत. तू रांजणावर झाकण ठेवतेस.

"हे गाडीच्या माणसांचं हाय. मला देता यायचं न्हाई गं."

"अक्का, तू आता रेल्वेचीच झालीस," एवढं बोलून ती वळली.

गाडी गेल्यावर तू घरी आलीस. रेल्वेच्या नोकरांना दिवसाला एक घागर मिळायची. आपल्या वाट्याची ती भरली घागर तू माझ्या डोक्यावर दिलीस. "पळ. खडीवर गाठ तिला. समदी दे." मी अठरा वर्षांची घोडी, ओढ्यापर्यंत गेले आणि घागर उतरवून बसले. मला मावशीचा लय राग आला होता. चार माणसांत माझ्या आईला असं बोलणारी ती कोण? थोड्या वेळानं तशीच परत आले आणि सांगितलं, तिनं घेतलं नाही. तू त्याच पाण्यात पीठ मळलंस, आणि आपण दोघी जेवलो.

चौथ्या दिवशी निरोप आला. ओढ्यात झरा उकरून काढलेलं गढूळ पाणी लेकराला पाजलं होतं. हगवण थांबली नाही. तू मातीला गेलीस, पण मावशीजवळ बसली नाहीस. बहिणीनं धाडलेलं पाणी जिनं परत केलं, तिच्याशी काय बोलायचं, असं तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस. आणि बहिणीनं पाणी धाडलं होतं, हे तिला कधी कळलंच नाही.

मी घाबरले होते गं. आधी तुला, मग स्वतःलाच.

मावशी अजून आहे. कान शाबूत आहेत तिचे. दर दिवाळीला मी जाते. दारातच ती पाण्याचा तांब्या पुढे करते. मी पिते, इकडचं तिकडचं बोलते, आणि काही न सांगता परत येते.