तेरा चोक बावन्न

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज एक तास लेकीचं गणित घेणार. भागाकारात बाकी उरली की ती रडकुंडीला येते. शुक्रवारी चाचणी. सांगितलं, बाप असताना घाबरायचं नाही. बायको नुसतीच हसली. का, ते कळलं नाही.

४ मार्च
अभ्यास अकरा मिनिटं. मग साहेबांचा फोन. रविवारच्या ऑफिस सहलीच्या गाड्या मी ठरवायच्या! नीट जमलं तर विभागप्रमुखाच्या जागेसाठी माझा विचार होईल म्हणाले. विभागणं तर माझ्या डाव्या हातचा मळ.

५ मार्च
चुटकीसरशी झालं. माझ्यासकट माणसं त्रेपन्न, गाडीला सीट तेरा. तेरा चोक बावन्न. चार गाड्या, बाकी एक. लेकीला हेच गणित घातलं. तिचं उत्तर, पाच गाड्या! समजावलं की बाकी बाजूला लिहायची आणि पुढच्या गणिताला लागायचं. म्हणते, पण बाबा, तो एक म्हणजे माणूस आहे ना? फार फाटे फोडते.

६ मार्च
गाडीवाल्याने विचारलं, पाचवी पाठवू का. झटकून टाकलं. गणित कच्चं असलं की माणूस असं बोलतो. अभ्यास राहिला. शिट्टी आणली.

७ मार्च
लेकीला वीसपैकी वीस. गाड्यांच्याच गणितात एक गाडी वाढवून लिहिली, तरी बाईंचा शेरा ‘शाब्बास’! बाईंना भेटायला हवं. अर्थात पाया माझाच.

९ मार्च, रविवार. सकाळी ६
आज माझा दिवस. टोपी, यादी, शिट्टी. साहेबांशेजारची खिडकी मनात धरून ठेवलीय.

७.४०
शिट्टी वाजवून सगळ्यांना बसवलं. तेरा, तेरा, तेरा, तेरा. एक सीट रिकामी नाही. दारं लागली. मी रस्त्यावर. जादा माणूस घ्यायला एकही ड्रायव्हर तयार नाही. साहेबांनी काच खाली करून विचारलं, तुमची गाडी कुठाय? म्हटलं, व्हा पुढे, आलोच. सगळे हात हलवत गेले. मीही हलवला. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

८.३०, घरी
बायकोने विचारलं, बाकीचे गेले? मी बूट काढत बसलो. आतून लेकच म्हणाली, आई, भागाकार गेला. बाकी घरी आली.