दाराच्या खुणा

बाबा,

बाथरूमचा पडदा शोधू नका, तो मागच्या अंगणात आहे. ग्रीनहाउस उभं राहिलं! जुने पाइप वाकवून कमानी केल्या, वरून पडदा आणि गादीचं प्लास्टिक ताणलं. विकत आणले ते फक्त स्क्रू. आत शिरलं की चष्मा धुरकटतो, आणि टोमॅटोची रोपं तर आत्तापासूनच ऐटीत आहेत.

एकच घोळ झाला. सुताराची लेक असून मी दार आत उघडणारं बसवलं. ते थेट रोपांवर आपटतं, म्हणून काढून भिंतीला टेकवलंय.

तुम्ही पडल्यापासून बंद असलेली हत्यारांची पेटी मी उघडली. रागावू नका.

सहाला येते. स्क्रू मी आवळीन, पण बिजागऱ्यांच्या खुणा तुम्हीच करून ठेवा. पेन्सिल डाव्या हातानेही धरता येते.