आत्यांची साडी दोरीवर

अंबरीश,

मी जुईकडे मास्ट्रिख्टला चालले आहे. आमटी फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा तू लाव.

नगरपालिकेचा माणूस उद्या अकराला बागेतलं घर तपासायला येतोय. त्यांचं तू दडवलेलं पत्र टेबलावर ठेवलंय. आत्यांची देखभाल करायची होती, म्हणून ते घर परवानगीशिवाय बांधता आलं. देखभाल संपली की तिथलं स्वयंपाकघर आणि बाथरूम काढून टाकायचं, हा नियम तूच मला वाचून दाखवला होतास. आत्यांना जाऊन तीन महिने झाले.

करोनामुळे अंत्यसंस्काराला आपण चौघंच होतो, त्यामुळे शेजारी कुणाला कळलं नाही. ते न कळण्याचा तू असा उपयोग करशील असं वाटलं नव्हतं. काल त्यांची हिरवी साडी धुऊन मागच्या दोरीवर घातलीस. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, "बऱ्या आहेत ना त्या?" मी हो म्हणाले. मग त्यांनी आत्यांसाठी सूप आणून दिलं. ते मला पिववलं नाही आणि टाकवलंही नाही. ओट्यावर आहे, तूच काय ते बघ.

साडी मी काढली. घडी घालून तुझ्या उशीवर ठेवलीय, म्हणजे बागेतल्या. इथली तुझी उशी तीन महिने जागची हललेली नाही.

उद्या तो माणूस विचारेल, इथे कोण राहतं. त्याला खरं सांग, की आत्या गेल्या, आता मी राहतो. मलाही ते तू अजून तोंडाने सांगितलेलं नाहीस.

संहिता