पिसं झडलेल्या सात जणी

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शस्त्रक्रियेनंतर गुडघा कसा आहे? इकडे तुझ्या सात कोंबड्यांनी मला वात आणलाय. पंधरा दिवसांत अंडी किती, तर दोन! खाणं मात्र दिवाळसणाला आलेल्या जावयासारखं. त्यात सगळ्यांची पिसं झडताहेत. तुझी लाडकी मास्तरीण तर मानेपासून शेपटीपर्यंत बोडकी झालीय, तरी मलाच टोचते. शेजारीण कुंपणावरून विचारते की, भाऊ, कोंबड्या पाळता की उशा भरता?

माझ्या मते त्या म्हाताऱ्या झाल्या, संपल्या. तुझे चिरंजीवही फोनवर म्हणाले की, आई यापुढे आमच्याकडेच राहणार, तेव्हा खुराडं मोडून टाका. तुम्हा मायलेकांचं ठरलंय म्हटल्यावर मी कशाला मध्ये पडू? शनिवारी खाटकाला बोलावलंय.

प्रकृतीला जप, लोभ आहेच.

धाकटा

६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि गुडघ्यातली कळ मस्तकात गेली. अरे शिंप्या, कोंबडी वर्षातून एकदा जुनी पिसं टाकते आणि नवी घालते. चाळीस वर्षं लोकांना नवे कपडे शिवलेस, आणि एवढं कळलं नाही? अंगातलं सगळं बळ पिसांना जातं, म्हणून अंडी बंद. शेंगदाण्याची पेंड घाल आणि त्यांना उचलू नकोस, नव्या पिसांचे कोंब दुखतात. दोन महिन्यांत पूर्ववत होतील.

आणि ठरलं कुणाचं रे? मला विचारलं कुणी? चिरंजीव रोज चहा देताना झोप लागली का एवढंच विचारतात. सुनेनं माझी ट्रंक माळ्यावर टाकली, तेव्हा मला वाटलं खोलीत जागा नसेल. महिनाभर पाय चालला नाही, तर माणसाला निकालात काढायचं? आणि तू माझा भाऊ असून मुकाट्यानं मान डोलावलीस! संताप झालाय नुसता.

एकीलाही हात लावलास, तर सख्खा म्हणून सांगू नकोस.

ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

पत्र आज दुपारी मिळालं. खाटीक सकाळीच येऊन गेला होता. सायकल काढली आणि जेवण टाकून बाजारात पळालो. सहा जणी पिंजऱ्यात होत्या, त्या परत आणल्या. मास्तरीण आधीच गेली होती. माझी अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय लिहू? चिरंजिवांना फोन करून चांगलं फैलावर घेतलं. ते मी आधीच करायला हवं होतं.

शिव्या दे, पण पत्र पाठव.

धाकटा

१३ नोव्हेंबर

धाकट्यास,

मास्तरणीसाठी रडले. इथे सगळ्यांना वाटलं, गुडघा दुखतोय. चिरंजिवांना बसवून सांगितलं की, मी घरी जातेय. ते म्हणाले, तुझ्या भल्यासाठीच ठरवलं होतं. मी म्हटलं, माझं भलं मला न विचारता करायला मी अजून मेलेले नाही. तिकीट सूनबाईनंच काढून आणलं.

मंगळवारी दुपारच्या गाडीनं येतेय. काठी आहे, पण गाडीची पायरी उंच असते. उतरताना तुझा हात धरीन. बोलणार मात्र नाही.

लोभ सध्या मागू नकोस.

ताई